खेळ

पटाशी नेहमीसारखी बसली नाही,
एवढंच.
तेवढंच दिसलं मला पहिल्यांदा,
आणि मी रंधा मारत राहिलो.

एरवी मागचे दोन्ही पाय पोटाखाली घेऊन
चौकोनी बसायची, गुण्या लावून बघावा अशी.
आता उजवा पाय बाजूला काढून ठेवलेला,
दारात ओली छत्री ठेवतात तसा.

रियाझ म्हणाला, काटा असेल.
तळवा बघितला, बोटांच्या बेचक्या बघितल्या.
सागवानाचा भुसा निघाला, काटा नाही.
ती ओरडली नाही. शेपूटसुद्धा हलवली.
ओरडत नाही म्हणजे दुखत नाही
हे मी कुठं शिकलो होतो कुणास ठाऊक.

डिसेंबरच्या थंडीत उठायची ती तीन पायांवर.
चौथ्याची नुसती नखं टेकवायची फरशीला,
इस्त्री तापली का बघावं तशी.
चहाच्या टपरीपर्यंत गेली की लंगडणं कमी.
बघ, मोकळा झाला पाय, मी म्हणायचो.
तीन आठवडे मोकळा होत होता तो पाय.
त्याच पायानं तळजाई चढवली मी तिला.
मोरामागं धावू दिलं.

मग एका रात्री दोन्ही मांड्या एकदम हातात आल्या
आणि हाताला कळलं,
हे एका लॉटचे पाय नाहीत.

माझीच कंबरेची गोळी होती खिशात.
अर्धी मोडून पेढ्यात कोंबलीही होती.
मेडिकलवाले गुंदेचा काउंटरवरून ओरडले,
माणसाची गोळी तिला? पोटात जखमा होतील, किडनी जाईल.
फेका तो पेढा. हा दुसरा घ्या, तुम्ही खा,
आणि तिला दवाखान्यात न्या.
पेढा मी खाल्ला.

पहिला रिक्षावाला म्हणाला, कुत्रं नाही.
दुसरा काहीच म्हणाला नाही, गेला.
तिसऱ्यानं सीटवर पोतं अंथरलं.

तुंगारेबाईंनी तिला कुशीवर निजवलं.
एका हातात मांडीचं हाड, दुसऱ्यात नडगी.
नडगी पुढं ढकलली.
सरकली.

याला ड्रॉवर म्हणतात, त्या म्हणाल्या.
बाई, मी म्हणालो, तीस वर्षं मी तेच करतोय.
खणाला केसाएवढा खेळ ठेवावा लागतो,
नाहीतर पावसाळ्यात फुगून बसतो.
इथं नको, त्या म्हणाल्या. आतली दोरी तुटलीय.
एका उडीत नाही, झिजत झिजत.
सांध्यात खेळ आलाय, म्हणून आता खेळ बंद.
पायऱ्या बंद, मोर बंद, टपरीवरचा टोस्ट बंद.
पाच किलो जास्त आहे हिचं वजन,
ते सगळं त्या दोरीनं उचललं.

ऑपरेशनचं त्यांनी कागदावर काढून दाखवलं.
हाड गोल कापायचं, थोडं फिरवायचं, नवा कोन,
वर पट्टी, सहा स्क्रू.
किती नंबरचे, मी विचारलं.
त्या हसल्या. मी हसलो नव्हतो.

कोथरूडच्या दोन कपाटांचा ॲडव्हान्स गेला त्यात.
दुकानभर गोणपाट पसरलं, फरशी गुळगुळीत म्हणून.
उंबऱ्याला उतरती फळी केली, वर काथ्या ठोकला.
पोटाखालून पंचा घालून तिला मुतायला न्यायचो,
आणि समोरच्या सोसायटीतली पोरं विचारायची,
काका, ही बॅग आहे का?

दुसरा गुडघाही जातो बऱ्याचदा,
बाईंनी निघताना सांगितलं होतं,
बिलाबरोबर, हळू आवाजात.

म्हणून सकाळी शटर वर केलं की
हत्यारं काढायच्या आधी
मी स्टुलावर बसतो आणि म्हणतो, पटाशी, बस.
ती माझ्याकडं बघते, फळीकडं बघते,
कुठल्या तरी मांजराचा विचार करते,
आणि बसते.

आज नव्वदला दोन कमी.
चालतंय.